पणजीचं माहेर शोधायचंय, कागद कुठे सापडतील?

ओसरी
नमस्कार मंडळी. आमच्या काकांनी घराण्याची आठ पिढ्यांची वंशावळ काढली आहे. भला मोठा कागद, त्यावर वडाचं झाड आणि फांद्याफांद्यांवर नावं. सगळी पुरुषांची. बायकांच्या वाट्याला कंसातलं "पत्नी" आणि सासरी ठेवलेलं नाव, तेही सगळ्यांना नाही.

मला माझ्या पणजीचा, म्हणजे आजोबांच्या आईचा शोध घ्यायचा आहे. माहीत आहे ते इतकंच: सासर राजापूर तालुक्यात, पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून, ती १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गेली. तेव्हा आजोबा बारा वर्षांचे आणि पाठची दोन भावंडं. माहेरचं नाव, आडनाव, गाव काही म्हणजे काही नाही. फोटोही नाही. पणजोबांची दोन लग्नं झाली होती म्हणतात, पण ही पहिली की दुसरी यावर आत्या आणि काका दर दिवाळीला भांडतात.

इंग्रजांनी १८७२ पासून शिरगणती केली, मग घरटी नावांच्या याद्या कुठेतरी असतीलच ना? (नावं इथे देत नाही, आईने बजावलंय.)

मोडीवाचक
शिरगणतीचा नाद सोडा. विलायतेत जुन्या जनगणनेची घरवार नावं बघायला मिळतात, म्हणून आपल्याकडेही मिळतील असं वाटतं. आपल्याकडे आकडे काढून झाल्यावर ते मूळ तक्ते ठेवलेच नाहीत. छापील अहवालात तुमची पणजी "स्त्रिया, विवाहित, वय इतके ते इतके" या रकान्यातला एक आकडा आहे.

हिंदू लग्नाची सरकारदरबारी नोंद करण्याची सक्तीही तेव्हा नव्हती, त्यामुळे ते दारही बंद. तुमच्या हाताशी गावची जन्म-मृत्यूची वही आहे, गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आधीच्या मोडीत आणि नंतरच्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांत ही दप्तरं झाडून बाहेर काढली, स्कॅन केली, काही जिल्ह्यांनी तर संकेतस्थळावर टाकली. तुमच्यासाठी कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण फायदा घ्या. १९१८ चे सप्टेंबर ते डिसेंबर आधी बघा.

भिंगरी
आमच्या आजोबांची जन्मनोंद आम्ही अशीच मिळवली होती. बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे, "मुलगा" असंही आहे. नऊ महिने पोटात कोणी वागवला त्याचा उल्लेख नाही. 🙂

गोदाकाठ
नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन आलात का? तिथल्या तीर्थोपाध्यांकडे वह्या असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं, मग ते बाड काढतात. तुमच्या घरातला जो कोणी यात्रेला, अस्थी घेऊन किंवा नारायण नागबलीला आला असेल त्याने स्वतःच्या हाताने लेख लिहून सही केलेली असते. बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे अशी रांग लागते. बायका कमी दिसतात, पण एखादी विधवा स्वतः आली असेल तर तिच्या नावाचा वेगळा लेख असतो आणि क्वचित माहेरही लिहिलेलं असतं. पणजोबांनी पहिल्या बायकोच्या अस्थी नेल्या असतील तर काम झालंच. फोटो काढू देतात, आधी विचारा, दक्षिणेत हात आखडू नका.

कृष्णाकाठ
आमच्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता फटफटीवर येतात. चोपडी उघडून घराण्याची सगळी पिढीजात यादी खड्या आवाजात म्हणतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावं घालून घेतात. माझ्या थोरल्या चुलत्याने मुद्दाम थांबवून विचारलं, "आमची आजी कुणाची?" तर तो म्हणाला, "तिच्या बापाच्या घरचा हेळवी वेगळा, त्याला विचारा." म्हणजे लेक तिकडच्या चोपडीत, सून इकडच्या. दोन्ही चोपड्या कोणी समोरासमोर ठेवल्या तरच ती बाई पुरती दिसणार.

कोकणात हेळवी येत असल्याचं ऐकलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला उपयोग नसावा. पण धागा चांगला आहे म्हणून लिहिलं.

ओसरी
सगळ्यांचे आभार. मृत्यूची नोंद मिळाली! ऑक्टोबर १९१८. सासरचं नाव, "अमक्याची बायको", वय ३०, कारण "ताप". त्याच पानावर खालीवर नुसते ताप, ताप, ताप. त्या महिन्यात एवढ्याशा गावात इतकी माणसं गेली हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न असा. थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ, १८९६ चे, शाळेच्या दाखल्यावर तसं आहे. आमचे आजोबा १९०६ चे. ती १९१८ मध्ये तीस वर्षांची होती तर १८९६ मध्ये आठ वर्षांची. म्हणजे थोरले तिचे नव्हेत आणि ती दुसरी. आत्या जिंकली?

मोडीवाचक
आत्यांना इतक्यात पेढे देऊ नका. त्या वह्यांतली वयं पाटलाने किंवा कोतवालाने अंदाजाने सांगितलेली असतात. पानभर बघा, २५, ३०, ४०, ६० अशीच वयं जास्त दिसतील. तीस म्हणजे पंचवीस ते पस्तीस समजा. तुमचा तर्क बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, पण त्या एका आकड्यावर घर बांधू नका.

पळी_पंचपात्र
उशिरा बघितला धागा. ओसरीताई, एकच विचारतो. तुमचे आजोबा महालय करायचे का? आणि करत असतील तर ती वही घरात आहे का?

विचारण्याचं कारण सांगतो. भाद्रपदाच्या वद्य पक्षात महालयाला फक्त बाप-आजा-पणजा यांनाच पिंड देत नाहीत. बाप, आजा, पणजा, मग आई, आजी, पणजी, मग सापत्नमाता, म्हणजे सावत्र आई, असेल तर ती. त्यानंतर मातामह, म्हणजे आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, गोत्रासकट. मग मातामही, म्हणजे आईची आई, आणि तिच्या वरच्या दोघी. पुढे काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू. जे गेले असतील ते सगळे. एवढी नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक घरात एक टाचण असतं. पोथीच्या बासनात, पंचांगाच्या मागच्या पानावर, नाहीतर उपाध्यांच्या स्वतःच्या वहीत.

तुमची पणजी ही आजोबांची आई. तेव्हा आजोबांच्या यादीतले मातामह म्हणजे पणजीचे वडील! वर त्यांच्या दोन पिढ्या आणि माहेरचं गोत्र. सरकारी वहीत नाही मिळायचं ते तिच्या मुलाने दरवर्षी मोठ्याने म्हटलेलं आहे.

दोन गोष्टी सांभाळा. आईचं गोत्र त्यात सासरचंच येतं, त्यावरून माहेर शोधू नका. माहेरचं गोत्र मातामहांच्या ओळीत असतं. आणि बायकांच्या नावापुढे "दा" जोडलेलं असतं, तो नावाचा भाग नव्हे.

भिंगरी
हे वाचून आईला फोन केला. आमच्याकडची वही १९९० च्या सुमारास रद्दीत गेली असं कळलं. जिकडेतिकडे माळे साफ करायची हौस.

नगरी
चर्चा छान चालली आहे, पण एक सांगू का? महालयाची वही, तीर्थोपाध्ये, घराण्यांचा इतिहास सांगणारे छापील कुलवृत्तांत हे सगळं ज्यांच्या घरी भटजी येत होते आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांचं. माझ्या खापरपणजीसाठी यातलं एकही दार उघडत नाही. गावच्या वहीतसुद्धा तिच्या जातीचा रकाना भरलेला आहे आणि नावाच्या जागी नवऱ्याचं नाव.

आम्हाला ती सापडली ती मिशनमुळे. घराणं नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तिचं स्वतःचं नाव, आईबापांची नावं आणि गाव आहे. मिशनचं ज्ञानोदय १८४२ पासून निघतंय, त्यात मंडळीतल्या साध्यासुध्या माणसांच्याही मृत्युवार्ता येत. मिशनऱ्यांचे मायदेशी पाठवलेले अहवाल आणि पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. गावच्या पाटलाला जिचं नाव लिहावंसं वाटलं नाही, तिच्याबद्दल परक्या मुलखातल्या पाद्र्याने चार ओळी लिहिल्या. मिशनऱ्यांबद्दल माझंही मत काही फार गोड नाही, पण हे खरं आहे.

पळी_पंचपात्र
नगरी, बोललात ते बरोबर आहे. ताईंच्या घरी जे असण्याची शक्यता होती ते मी सांगितलं.

खेडची_जगबुडी
नगरींच्या मुद्द्याला धरूनच. आमचं कुणबी घर, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. पणजोबा ११७ मराठा पलटणीत, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडले आणि परत आले नाहीत. घरात लिहिलेलं एक अक्षर नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मराठा पलटणींतल्या बऱ्याच शिपायांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका आहे, आणि काहींपुढे "अमकीचा नवरा" असंही आहे. आमच्या पणजीचं नाव आम्हाला तिथे मिळालं. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, फक्त किती मेले ते आकडे. नावं कागदावरच्या यादीत. त्यात आमचा पणजोबा आणि त्याला धरून पणजी.

विधवेचं पेन्शन चालू असेल तर त्याचेही कागद घरात असू शकतात. आमच्याकडे नव्हते, पण ट्रंकांच्या तळाशी घातलेले पेपर उचलून बघा.

मांडवी
गोव्यातून. आमच्याकडे जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १९१४ पासून सगळ्यांना, हिंदू असो की ख्रिस्ती. पोर्तुगीज जन्मनोंदीत आई, बाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा असतात. म्हणजे एक कागद मिळाला की तीन पिढ्या, त्यात आईची आईसुद्धा. त्याआधीचं ख्रिस्ती लोकांचं चर्चच्या वह्यांत, बाकी पणजीच्या पुराभिलेखागारात. (पणजी शहर हो, तुमची पणजी नव्हे.)

पोर्तुगालच्या पासपोर्टापायी हल्ली या नोंदींना फार भाव आलाय. राजापूर, सावंतवाडीच्या पुष्कळ घरांच्या सोयरिकी गोव्यात होत्या, तेव्हा हेही डोक्यात ठेवा.

ओसरी
नगरी, जगबुडी, मांडवी, तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, ह्यातली निम्मी माणसं आपल्याला कोणी शाळेत सांगितली नाहीत.

आता बातमी. वही सापडली! आजोबांची नव्हे, आजोबांचं पाहून बाबांच्या मोठ्या भावाने उतरवून घेतलेली, काकांच्याच कपाटात. ज्या काकांनी वंशावळ काढली त्यांच्याच! "अरे हो, पण ती श्राद्धाची आहे," म्हणाले.

मातामह, त्यांचे वडील, आजोबा अशी तीन नावं आणि गोत्र विष्णुवृद्ध. सापत्नमाताही आहे! म्हणजे दोन लग्नं झाली हे नक्की, आणि आमची पणजी "माता"च्या जागी. पण आडनाव कुठेच नाही. आता?

पळी_पंचपात्र
श्राद्धात आडनाव लागत नाही, ते नसणारच. पण गोत्र नशीबवान निघालं. तुम्ही चित्पावन असाल तर विष्णुवृद्ध म्हणजे मुख्यतः नेने, परांजपे, मेहेंदळे. तिन्ही कुळांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. बाप-आजा-पणजा अशी सलग तीन नावं हातात आहेत, ती याच क्रमाने कुठे येतात ते बघा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतील. गाव राजापूरच्या आसपासचं धरा, त्या काळी मुली फार लांब देत नसत.

मोडीवाचक
पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आणि मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत कुलवृत्तांत बघायला मिळतात. जुन्या आवृत्त्यांत काही ठिकाणी मुलींच्या तोंडाला पानं पुसली आहेत, काही ठिकाणी मात्र "कन्या" म्हणून माहेरचं नाव, सासरचं नाव, नवरा आणि गाव असं सगळं दिलं आहे. माहिती पाठवणारा कोण होता त्यावर ते अवलंबून. साल शकात असेल तर ७८ मिळवा, पौषापासून पुढे ७९.

सातासमुद्रापार
मी मॉरिशसची, पाचवी पिढी. मराठी वाचते, लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या. माझी पूर्वज बाई रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई बंदरावर गेली आणि गिरमिटावर, म्हणजे करारावरची मजूर म्हणून, इथे आली. तिचा कागद मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे: तिचा स्वतःचा नंबर, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जहाज. इथे साडेचार लाखांवर माणसं गिरमिटावर आली, त्यांच्या नोंदी पुष्कळ टिकल्या आहेत. ज्या घाटावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे.

तुम्ही तिथेच राहून पणजीचं माहेर शोधता आणि मला इथे बसून सगळं मिळालं, हे मला विचित्र वाटलं.

मोडीवाचक
विचित्र नाही, बाई. मळेवाल्याला तिच्याकडून पाच वर्षं काम करून घ्यायचं होतं, म्हणून उंचीसुद्धा मोजली. घरच्या सुनेची नोंद करायची कोणाला गरज होती? पैसा, जमीन, पिंड, बाप्तिस्मा, पलटण, यातलं काहीतरी अडलं की मगच कागदावर बाई येते. मी तर वारसाचे फेरफार, दत्तकपत्रं आणि विधवांचे पोटगीचे दावे आधी चाळतो. भांडण झालेल्या घरातल्या बायका हमखास सापडतात.

भिंगरी
म्हणजे सुखाने नांदली ती हरवली. 😐

आनंदीबाई जोशी माहेरची यमुना, रमाबाई रानडेही माहेरची यमुना, लक्ष्मीबाई टिळक माहेरची मनू. या तिघींची माहेरची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण कोणी आठवणी लिहिल्या, कोणाचं चरित्र झालं. त्यांच्या शेजारच्या घरातल्या यमुनेचं काय झालं ते कोणाला विचारणार?

जुनी_खोड
एवढं सगळं शोधून मिळवायचं काय? गेलेली माणसं गेली. जिवंत आजीला आठवड्यातून एकदा फोन करा, ते जास्त बरं.

ओसरी
जुनी खोड, आजीला रोज फोन असतो. हा धागा तीच वाचायला लावते.

आणि आता जे सांगते ते नीट वाचा, कारण मलाही दोनदा वाचावं लागलं.

कुलवृत्तांतात तीन नावांची ती ओळ मिळाली. राजापूरपासून दोन खाड्या पलीकडचं गाव. आडनाव सांगत नाही, तिघांपैकी एक. पणजीच्या वडिलांच्या नोंदीत "कन्या ३". धाकटीचं सासर देवगडकडे. आणि थोरली व मधली, दोघींच्यापुढे नवऱ्याचं नाव एकच. आमचे पणजोबा! थोरलीच्या पुढे "मृत्यू शके १८२४", मधलीच्या पुढे "भगिनीनिधनानंतर विवाह".

पहिली गेली आणि तिच्या पाठची बहीण त्याच घरात दिली. आमची पणजी ती मधली. जन्म शके १८१३, म्हणजे १८९१. लग्नाच्या वेळी बारा वर्षांच्या आसपास, आजोबा झाले तेव्हा पंधराच्या आत-बाहेर, आणि गेली तेव्हा सत्तावीस. वहीतले "३०" म्हणजे मोडीवाचक म्हणाले तेच. संमतिवयाचा कायदाही नेमका १८९१ चा ना? मुलीशी शरीरसंबंधासाठीचं संमतीचं वय दहाचं बारा झालं त्याच साली ती जन्मली.

पळी_पंचपात्र
वा! म्हणूनच घरात गोंधळ. दोघींचं माहेर एक, मामा एक, मातामह एक. पुढच्या पिढीला दोघी एकच वाटल्या असणार. पक्कं करायचं असेल तर थोरल्या आजोबांच्या घरची यादी बघा. तिथे नावांची अदलाबदल झालेली दिसेल: थोरली "माता" आणि तुमची पणजी "सापत्नमाता".

कृष्णाकाठ
आमच्याकडेही मेव्हणी करून घ्यायची रीत होती. पोरांना सावत्र आई नको, मावशी बरी, असं म्हणायचे. त्या बारा वर्षांच्या मावशीला कोणी विचारलं होतं का, ते कुठल्याच चोपडीत नसतं.

ओसरी
थोरल्या आजोबांची नातसून इंदूरला असते. आजवर आमचं तिच्याशी लग्नाच्या पत्रिकेपुरतं नातं. तिने त्यांच्या वहीचं पान फोटो काढून पाठवलं. पळी पंचपात्र, अगदी तुम्ही म्हणालात तशीच अदलाबदल! आणि बोनस: त्यांच्या यादीत मामांची दोन नावं आहेत, आमच्याकडे एकच. दुसरे मामा आमच्या आजोबांच्या नंतर वारले की यादीत घालायचे राहिले, कोण जाणे.

माहेरचं नाव मिळालं आहे. ते मात्र इथे लिहिणार नाही, आधी आजीला सांगायचं होतं, ते सांगून झालं. ती म्हणाली, "सासूबाई होत्या त्या माझ्या, आणि मला नाव माहीत नव्हतं."

काका नवा कागद आणायला तयार झाले आहेत. झाडात एकाच फांदीला दोन बायका, त्या परत एकाच दुसऱ्या झाडाच्या, हे काढायचं कसं हा त्यांचा प्रश्न. कोणाला संगणकावर करायची सोपी सोय माहीत असेल तर सांगा.

मोडीवाचक
झाडाचा हट्ट सोडायला सांगा, तक्ता करा. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि बाईला दोन: एक इकडचा, एक माहेरचा. कुठली माहिती कुठल्या वहीतून आली तेही बाजूला लिहा, नाहीतर पुढच्या दिवाळीला भांडायला नवीन विषय.

भिंगरी
आणि पणजीच्या आईचं माहेर?

ओसरी
वहीत मातामहीचं नाव आहे. कुलवृत्तांतात तिच्या नवऱ्याच्या ओळीत "पत्नी" म्हणून सासरचं नाव आणि पुढे "लांजे येथील" एवढंच, आडनावाच्या जागी छपाईची शाई फुटली आहे. त्या पुस्तकाची दुसरी प्रत कोणाकडे असेल तर व्यक्तिगत निरोप करा.